ऑनलाइन चर्चासत्रातील मौन

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि पदव्युत्तर वर्गांचे अध्यापन एकाएकी संगणकाच्या पडद्यावर आले. टाळेबंदी उठली तरी ती पद्धती काही अंशी राहिली, आणि तिच्याबरोबर अध्यापकवर्गाची एक तक्रारही राहिली. व्याख्यान निर्विघ्न पार पडते. परंतु चर्चेस आरंभ करावा तो सर्वत्र सामसूम. विद्यार्थी उदासीन आहेत, वाचून येत नाहीत, असा निष्कर्ष मग सहजच काढला जातो. तो काही वेळा खराही असेल. तथापि संभाषणाच्या रचनेकडे पाहिले असता या मौनाचे दुसरेच एक कारण दिसू लागते.

सॅक्स, शेग्लॉफ व जेफर्सन यांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणातील पाळ्यांची व्यवस्था मांडली. तिचे सार असे: बोलणारा पुढील वक्ता निवडू शकतो, त्याने तो न निवडल्यास जो प्रथम तोंड उघडील त्याची पाळी, आणि कोणीच पुढे न आल्यास मूळ वक्ता बोलत राहू शकतो. ही अदलाबदल किती त्वरेने होते हे स्टायव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासावरून कळते. दहा भाषांतील होय-नाही स्वरूपाचे प्रश्न तपासले असता प्रश्न व उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद भरले. जपानीत ते जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये सुमारे ४७०. उलटपक्षी एखादा शब्द मनात जुळवून उच्चारावयास सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. अर्थात श्रोता वाक्य संपण्याची वाट पाहत बसत नाही. स्वराची उतरण, श्वास, नजर यांवरून तो शेवट ताडतो व आधीच सिद्ध होतो.

नेमकी हीच सिद्धता पडद्यावर फसते. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषणास बहुधा बाध येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. गावाकडील दुबळ्या मोबाइल-जोडणीवर विलंब याहून पुष्कळ वाढतो, आणि तो जाताना व येताना असा दोनदा पडतो. दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, दोघेही ‘तुम्ही बोला’ म्हणतात; तिसरा मग त्या वाटेस जात नाही. व्यवस्थेतील दुसरा नियम असा निकामी झाला की तिसरा तेवढा उरतो, आणि मूळ वक्ता, म्हणजे अध्यापकच, बोलत राहतो!

दुसरी हानी हुंकाराची. गोष्ट सांगणाराला हुंकार देणारा लागतो, हे आजीजवळ निजलेल्या पोरालाही ठाऊक असते. माइक बंद ठेवण्याच्या दंडकामुळे ‘हं’, ‘बरं’, ‘अस्सं’ हे सारे लोपते, आणि निबंध सादर करणारा विद्यार्थी त्या पोकळीत घाईघाईने कागद वाचून मोकळा होतो. शोएननबर्ग व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की, जोडणीतील विलंबाचा दोष लोक नकळत समोरच्या माणसावर लादतात. तो त्यांना कमी लक्ष देणारा वाटू लागतो. चर्चेतील सहभागास गुण देणाऱ्या अध्यापकाने तर हे विशेष ध्यानी घ्यावयास हवे.

यास्तव ऑनलाइन चर्चासत्रात पहिल्या नियमावर भिस्त ठेवणे इष्ट. बोलणाऱ्याने आपले बोलणे संपविताना पुढील वक्त्याचे नाव घ्यावे. ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ हा प्रश्न तर टाळावाच. मेरी बड रो यांनी शाळांतील विज्ञानवर्गांत पाहिले की, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागताच उत्तरे दीर्घ झाली व निरुत्तर राहणे घटले. पडद्यावर याहूनही अधिक थांबावे लागेल. सादरीकरणाचे टिपण व उदाहरणे आदल्या दिवशी पाठवावीत. सादरीकरण दहा मिनिटांवर नेऊ नये, आणि एकेका उदाहरणसंचापाशी थांबून एकेका श्रोत्याकडून नाव घेऊन प्रतिसाद मागावा.

एका बाबतीत मात्र पडदा वर्गखोलीहून सरस ठरतो. ‘मी पाणी प्यायलो’ की ‘मी पाणी पिलो’, असा प्रश्न वर्गात विचारला असता पहिल्या बाकावरून ‘प्यायलो’ असे ठाम उत्तर येते, आणि मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला विद्यार्थी, ज्याच्या घरी ‘पिलो’ हेच रूप नांदते, मान खाली घालतो. अभ्यासाची सामग्रीच अशी हातची जाते. ऑनलाइन वर्गात सर्वांनी आपले रूप चॅटमध्ये लिहून ठेवावे व अध्यापकाने खूण करताच एकदम पाठवावे, असे करता येते. दोन्ही रूपे एकाच क्षणी पडद्यावर उमटतात; कोणते आधी आले याला मग महत्त्व राहत नाही. त्यानंतर ‘पिलो’ लिहिणाऱ्याचे नाव घेऊन, स्त्रिया हेच रूप कसे वापरतात, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात काय आढळते, असे त्यालाच विचारावे. तो त्या वेळी बहुधा आपल्या घरीच बसलेला असतो, आणि उत्तर शेजारच्या खोलीत मिळू शकते.