वडसाचे पोस्टर पुण्यात चालेल का?

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींच्या पोर्टफोलिओत ठरावीक कामे हमखास असतात: जगप्रसिद्ध कंपनीचा नव्याने केलेला लोगो, बाजारात न आलेल्या अत्तराचे खोके, कधीच न भरलेल्या महोत्सवाचे पोस्टर. चंद्रपूर-गडचिरोलीचा विद्यार्थीही तेच करतो, कारण जंगलाच्या जिल्ह्यात दाखवण्याजोगे काम कुठले, असे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे. काल्पनिक ग्राहक निर्माण करण्याची गरज ज्यांना सर्वांत कमी, त्यांत या दोन जिल्ह्यांतले विद्यार्थी येतात. त्यांच्या आसपास खऱ्या अडचणी आहेत, आणि चांगला पोर्टफोलिओ अशा अडचणींतूनच उभा राहतो.

झाडीपट्टी रंगभूमीचेच पाहा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावे ती ठरवतात. नाट्यमंडळांचे मुख्य केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दखल दूरवर घेतली गेली. या नाटकांना पोस्टर लागते, हँडबिल लागते, आणि त्याची मांडणी भल्याभल्यांची परीक्षा पाहणारी असते. नाटकाचे नाव, मंडळाचे नाव, कलावंतांचे फोटो, आयोजक, गाव, तारीख, तिकिटाचा दर हे सगळे एका कागदावर मावले पाहिजे आणि चौकातून दुचाकीवर जाणाऱ्याला क्षणात कळले पाहिजे. फोटो लहान केले तर कलावंत नाराज, मोठे केले तर नाटकाचे नाव दबते. प्रयोग आज या गावात, उद्या त्या गावात. म्हणून गाव आणि तारीख बदलता येईल अशी जागा आधीच आखावी लागते. हे ज्याला जमले, त्याला मजकुराचा क्रम लावता येतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे क्षेत्र ग्रामसभांचे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. लिलावाची सूचना, मजुरीच्या दराचा फलक, वर्षाचा हिशेब हे सर्वांना समजेल असे मांडणे हेही डिझाइनच. त्यात भाषेचा पेच आहे. इथे मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगालीही बोलली जाते. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि तिचा नोटो फॉन्ट मोफत मिळतो. ती वापरण्याचा मोह होईल. पण गावातले लोक गोंडी देवनागरीत वाचत असतील, तर तो फलक पोर्टफोलिओत शोभेल आणि गावात निरुपयोगी ठरेल. घरोघरी विचारून लिपी ठरवल्याची एक नोंद देखण्या चित्रापेक्षा जास्त बोलते.

ही नोंद महत्त्वाची, कारण तयार दिसणारा लोगो आता एखादे एआय साधनही काही मिनिटांत काढून देते. नुसता देखणेपणा फारसे काही सिद्ध करत नाही. म्हणून प्रत्येक कामासोबत अडचण एका वाक्यात लिहावी, कच्ची रेखाटने ठेवावीत, कोणता पर्याय का सोडला ते सांगावे आणि शेवटी ते काम प्रत्यक्ष भिंतीवर किंवा दुकानात लागल्याचा फोटो द्यावा. अशी सहा-आठ कामे पुरतात. तीस कामांच्या गर्दीत चांगली चारही हरवतात. काम गटाने केले असेल तर आपला वाटा स्पष्ट लिहावा.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे गावठी दिसेल. पुण्या-मुंबईच्या कंपनीला झाडीपट्टीच्या पोस्टरचे काय? पण मराठी अक्षरकलेचा इतिहास वेगळे सांगतो. कमल शेडगे यांचे नाव झाले ते मराठी नाटकांच्या शीर्षकांमुळे. नाटकाचा स्वभाव ते अक्षरांतच उतरवत. र. कृ. जोशी यांनी आयुष्यभर भारतीय लिप्यांचा अभ्यास केला, आणि त्यांनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोजबरोबर जगभर पोचला. दोघांचेही काम स्थानिक भाषेत रुजलेले होते आणि त्यामुळेच ते मोठे झाले. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की ॲप आणि संकेतस्थळे करणाऱ्या कंपन्यांना पडद्यावरचे कामही पाहायचे असते. तेही इथलेच असू शकते: गडचिरोली ते भामरागड एसटीचे वेळापत्रक छोट्या मोबाईलवर, कमी नेटवर्कमध्ये कसे दिसावे, हा प्रश्न कोणत्याही शहरी ॲपइतकाच कठीण आहे.

दुसरा आक्षेप साधनांचा. महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत हे खरे. पण इंकस्केप, गिंप आणि क्रिटा मोफत आहेत, आणि ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त व बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात. मात्र फॉन्ट फुकट मिळाला म्हणून अक्षरमांडणी आपोआप जमत नाही. वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींत अडकू नयेत म्हणून देवनागरीत ओळींमधले अंतर रोमनपेक्षा सहसा जास्त ठेवावे लागते, आणि या खुणेवरून जाणकार कामाचा कस लगेच ओळखतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: खरा ग्राहक डिझाइन बिघडवतो आणि पैसेही देत नाही. ग्राहकाने लाल-पिवळ्याचा आग्रह धरला तर छापलेले काम आणि आपला प्रस्ताव शेजारी ठेवावा. फरकाचे कारण सांगता येणे हे कौशल्यच आहे. मोबदल्याचे मात्र आधी बोलून घ्यावे, थोडा का असेना. कुणी न सांगता केलेले काम तसे स्पष्ट लिहून दाखवावे. निवड करताना मग एकच कसोटी पुरते: या कामाचा उपयोग झाला की नाही, हे सांगू शकणारा माणूस अस्तित्वात आहे का? असेल तर ते आत घ्यावे. नसेल तर कितीही देखणे असो, बाहेर ठेवावे.