ढिगाऱ्यावरचा सोबती

४ एप्रिल २०१३ ची संध्याकाळ. ठाण्याजवळच्या शिळफाट्यावर लकी कंपाउंड नावाच्या वसाहतीत सात मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. इमारत जुनी नव्हती. उलट, तिचे बांधकाम अजून चालूच होते. वर मजूर काम करत होते आणि खाली काही कुटुंबे राहायलाही आली होती. या दुर्घटनेत ७४ जणांचा बळी गेला. त्यांत तुमच्याएवढी आणि तुमच्याहून लहान मुलेही होती.

अशी बातमी कानावर आली की आपल्या डोळ्यांपुढे अग्निशामक दलाचे बंब, रुग्णवाहिका आणि मोठमोठी यंत्रे येतात. पण तेथे आणखी एक मदतनीस येतो. तो शिळफाट्यालाही आला होता. त्याला कुदळ मारता येत नाही, दगड उचलता येत नाही, बोलताही येत नाही. त्याच्याजवळ फक्त एक ओले नाक असते. तो म्हणजे शोधकार्यासाठी तयार केलेला कुत्रा. सरकारी भाषेत त्याला ‘श्वान’ म्हणतात आणि त्याच्या तुकडीला ‘श्वानपथक’. शब्द भारदस्त आहे म्हणून घाबरू नका. श्वान म्हणजे कुत्राच. तसेच या पाठात ‘ढिगारा’ हा शब्द वारंवार येईल. तुम्ही घरी ज्याला मलबा म्हणता, तोच ढिगारा.

एकदा वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, एवढी मोठी पोकलेन यंत्रे असताना कुत्र्याचे काय काम?” प्रश्न अगदी रास्त होता.

इमारत कोसळते तेव्हा तिचे स्लॅब एकावर एक येऊन पडतात. वरून पाहिले तर सगळे सपाट दिसते. परंतु आत सगळीकडे दगडमाती गच्च भरलेली नसते. एखादी तुळई तिरपी अडकते, एखादे लोखंडी कपाट स्लॅबला टेकू देते, जिन्याखाली थोडी जागा उरते. अशा जागेला पोकळी म्हणतात. माणूस जिवंत राहतो तो बहुधा अशाच पोकळीत. ऑगस्ट २०२० मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली. सोळा माणसे दगावली, पण दुसऱ्या दिवशी त्याच ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. अशा मुलाच्या डोक्यावर जर आपण घाईने पोकलेन चढवले तर काय होईल? यंत्राच्या वजनाने आणि हादऱ्याने ती पोकळी बसेल. म्हणून आधी माणूस कोठे आहे ते शोधायचे आणि मग तेथे हळूहळू, कधी कधी नुसत्या हातांनी, वाट करायची, अशी बचावकार्याची पद्धत आहे.

शोधण्यासाठी उपकरणेही असतात. बारीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा फटीतून आत सोडता येतो. जमिनीखालचा अगदी हलका आवाज टिपणारी यंत्रेही असतात. पण कॅमेरा कोणत्या फटीत सोडायचा हे आधी कळायला हवे. आणि आवाज टिपायचा तर आतल्या माणसाने आवाज करायला हवा. तो बेशुद्ध असेल, त्याच्या घशात धूळ गेली असेल, तर तो हाक कशी मारणार? माणूस बोलला नाही तरी त्याचा वास मात्र थांबत नाही. कुत्र्याचा उपयोग होतो तो येथे.

आपल्या शरीरातून दर क्षणाला त्वचेचे अतिसूक्ष्म कण गळत असतात. घाम, श्वास आणि हे कण यांचा मिळून एक गंध तयार होतो. तो हवेबरोबर पसरतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात असतात. शिवाय त्याच्या नाकाची रचनाही वेगळी आहे. आत घेतलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे जातो आणि एक भाग केवळ वास घेण्यासाठी वरच्या कप्प्यात जातो. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडते, त्यामुळे समोरून येणारा वास विसकटत नाही. बिर्याणीचे भांडे उघडले की आपण म्हणतो, “वा, बिर्याणी!” कुत्र्याला त्याच वासात तांदूळ, मांस, कांदा, लवंग आणि भांडे घासलेला साबण असे सारे वेगवेगळे कळते. म्हणूनच सिमेंटची धूळ, डिझेलचा धूर आणि सांडलेला गॅस यांतूनही जिवंत माणसाचा गंध तो निवडून काढतो.

पोलिसांचा कुत्रा चोराचा माग काढताना चोराची चप्पल किंवा रुमाल हुंगतो आणि त्याच एका माणसाच्या मागे जातो. ढिगाऱ्यावरच्या कुत्र्याला असे काही हुंगायला देत नाहीत. आत कोण आहे, किती जण आहेत हेच माहीत नसते. तेव्हा कोणत्याही जिवंत माणसाचा, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाचा, वास हवेतून शोधायचा हे त्याचे काम. वास मिळाला की तो त्या जागी थांबून सारखा भुंकत राहतो. मृतदेह शोधण्यासाठी निराळे शिक्षण दिलेले कुत्रे असतात.

हे शिक्षण कसे देतात? मारून किंवा उपाशी ठेवून मुळीच नाही. सारा खेळाचा मामला आहे. पिल्लू लहान असताना शिक्षक त्याचा आवडता चेंडू घेऊन त्याच्या देखत झाडामागे पळतो. पिल्लू धावत जाऊन त्याला गाठते, भुंकते आणि त्याला चेंडू मिळतो. मग शिक्षक न दिसता लपतो. पुढे पिंपात बसून वर झाकण लावतो. शेवटी खऱ्या ढिगाऱ्यासारख्या दगडविटांच्या राशीखाली. दर वेळी नियम एकच: माणूस सापडला, भुंकलास, की चेंडू तुझा. त्याच वेळी त्याला शिडी चढणे, डुगडुगत्या फळीवरून चालणे, ड्रिलच्या कर्कश आवाजाला न बिचकणे हेही शिकवतात. आपण ज्याला शौर्य म्हणतो, तो त्या कुत्र्याच्या दृष्टीने लपंडाव असतो. माझ्या मते यामुळे त्याची योग्यता कमी होत नाही.

आता त्याच्या सोबत्याकडे वळू. श्वानपथकातील प्रत्येक कुत्र्याचा एक ठरावीक हाताळणारा असतो. त्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने हँडलर म्हणतात. कुत्र्याचे खाणेपिणे, आंघोळ, औषधपाणी, सराव सारे तोच पाहतो. बातम्यांत कुत्र्याचे छायाचित्र येते, याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. खरे तर निम्मे काम याचेच असते. ढिगाऱ्यात हवा सरळ वर येत नाही. ती फटीफटींतून वळणे घेत कोठेतरी लांब बाहेर पडते. म्हणजे कुत्रा जेथे भुंकतो, त्याच्या बरोबर खाली माणूस असेलच असे नाही. वारा कोणीकडून वाहतो, उन्हाने कोणती बाजू तापली आहे, स्लॅब कोणत्या दिशेला कललेला आहे, हे पाहून हँडलरला अंदाज बांधावा लागतो. कुत्र्याची शेपटी ताठ झाली, मान एकदम वळली, श्वासाची लय बदलली, या खुणा त्यालाच वाचता येतात. ढिगाऱ्यावर पाठवताना तो कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही बहुधा काढून घेतो, कारण पट्टा सळईत अडकला तर कुत्र्याला फास बसेल. त्यानंतर दोघांमध्ये दोरी नसते. असतो तो आवाज, हाताची खूण आणि भरवसा. वीस-तीस मिनिटे काम झाले की कुत्र्याला विसावा द्यावा लागतो. दमलेले नाक चुका करते. म्हणून एका कुत्र्याने दाखवलेल्या जागी दुसरा कुत्रा आणून खात्री करतात.

याचे उत्तम उदाहरण भारतीय पथकानेच घालून दिले आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भयंकर भूकंप झाला. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने मदत धाडली. त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, म्हणजे एन. डी. आर. एफ.चे जवान होते आणि त्यांच्याबरोबर जुली, रोमिओ, हनी व रॅम्बो हे चार कुत्रे होते. गाझियान्तेप प्रांतातील नुरदागी या गावी एका पडलेल्या इमारतीवर जुली एका ठिकाणी थांबून भुंकू लागली. हँडलरने तिला मागे घेतले आणि रोमिओला सोडले. रोमिओही तेथेच भुंकला. जवानांनी तेथे वाट केली. आत सहा वर्षांची मुलगी होती, आणि ती जिवंत होती! भूकंप होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

हे दल २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार उभे राहिले. महाराष्ट्रासाठी त्याची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. ठाणे महानगरपालिकेनेही ‘ठाणे आपत्ती प्रतिसाद दल’ नावाचे स्वतःचे पथक उभारले आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली तेव्हा ही दोन्ही दले धावून आली होती, श्वानपथकही आले होते. ढिगाऱ्यातून एक लहान मुलगा जिवंत निघाला. पण चाळीसच्या आसपास माणसे गेली.

कुत्रा कितीही हुशार असला तरी त्याला पोहोचायला वेळ लागतो. सुदुंबऱ्याहून किंवा मुंबईहून गाडी निघणार, घाट किंवा वाहतूक ओलांडणार, मग येणार. शिळफाट्याची कोंडी तुम्ही पाहिलेली आहे. पहिल्या तासांत जी माणसे वाचतात, त्यांना बहुतेक वेळा शेजारच्या गल्लीतल्या लोकांनीच बाहेर काढलेले असते. तेव्हा शेजाऱ्यांची धावपळ वाया जाते असे मी म्हणणार नाही. मात्र पथक आले की गर्दीने मागे सरले पाहिजे. ढिगाऱ्यावर पन्नास माणसे उभी असली तर पन्नास वास तेथे मिसळतात, आणि पायाखालची पोकळीही खचते. पथकाचा प्रमुख शिटी वाजवून शांतता मागतो, त्या वेळी बोलायचे नाही, मोबाइल वाजू द्यायचा नाही. कुत्र्याला हाक मारायची नाही, बिस्किट दाखवायचे नाही. आणि कोणावर आत अडकण्याची वेळ आलीच, तर ओरडत राहू नये. ओरडण्याने धूळ घशात जाते आणि ताकद संपते. तोंडावर कापड धरावे आणि हाताला लागेल त्या वस्तूने नळावर किंवा भिंतीवर थांबून थांबून ठोकावे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुत्रा पाळत नाहीत. मला स्वतःला लहानपणी कुत्र्याची भीती वाटे, आणि भीती वाटली की आम्ही मुले दगड उचलत असू. दीनियातच्या तासाला तुम्ही त्या वाटसरूची हकिकत ऐकली आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी तो विहिरीत उतरला, मोजड्यात पाणी भरून त्याने कुत्र्याला पाजले आणि अल्लाहने त्याला माफ केले. शिकार आणि राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे, हेही तुम्ही वाचले असेल. मग ढिगाऱ्याखालच्या मुलाला शोधणाऱ्या कुत्र्याला आपण काय म्हणाल?

आपल्या भागाशी नाते असलेला आणखी एक कुत्रा सांगायचा राहिला. तो माणसे शोधत नसे, स्फोटके शोधत असे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील या पिवळसर लॅब्रॅडॉरचे नाव होते ‘जंजीर’. हे नाव एका चित्रपटावरून ठेवले होते. जंजीर म्हणजे मराठीत साखळी, हे तुम्हांला सांगायला नकोच. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून तो डिसेंबर १९९२ मध्ये पथकात आला आणि १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर त्याने मुंबई, मुंब्रा आणि ठाणे येथे न फुटलेली स्फोटके हुडकून दिली. ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब अशी त्याच्या नावावरची नोंद आहे. ही स्फोटके फुटली असती तर किती घरे उजाड झाली असती, याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

सगळेच शोध मात्र जुलीच्या शोधासारखे संपत नाहीत. कित्येकदा कुत्रा दिवसभर हुंगत फिरतो आणि एकही जिवंत माणूस सापडत नाही. त्याला मृत्यूची कल्पना किती असते कोण जाणे, पण आपला खेळ जमला नाही एवढे त्याला कळते. तो कान पाडून बसतो, चेंडूकडेही पाहत नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे दोन उंच मनोरे पडले तेव्हा तेथील कुत्र्यांचे असेच झाले होते. तेव्हा हँडलरांनी एक युक्ती केली. दिवसाचे काम आटोपले की पथकातलाच एखादा जवान गुपचूप जाऊन ढिगाऱ्यात लपून बसे. मग कुत्र्याला सोडत. तो हुंगत हुंगत जाई, थांबे आणि जोरजोराने भुंकू लागे. लपलेला जवान धुळीने माखलेला बाहेर येई आणि खिशातला चेंडू त्याच्यापुढे टाकी.