मका, चुना आणि एक रात्र

मेक्सिकन जेवण करायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी चीज आणलं जातं. मग टाको शेल्सचं खोकं, नाचोजचं पाकीट आणि पिझ्झाबरोबर आलेल्या, डब्यात साठवून ठेवलेल्या ऑरेगॅनोच्या पुड्या. या सामानाचं गोत्र बरंचसं टेक्सासचं. नाचोज तर 1940च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात, पलीकडून आलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी जन्मले. चवीबद्दल माझी तक्रार नाही, मीही खाते. पण मेक्सिकोचं रोजचं जेवण ज्या वस्तूवर उभं आहे, ती या यादीत नसतेच. ती पानाच्या टपरीवर मिळते: चुना.

माझा बेत ग्वानाह्वातो या मधल्या राज्याचा असतो. तिथे चांदीच्या खाणी आहेत आणि खाणकामगारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एन्चिलादास आहेत. मिरचीच्या लाल रश्शात बुडवून तळलेली मक्याची तोर्तिया, आत चीज आणि कांदा, वर बटाटा आणि गाजर. सोबत राजमा. गोडाला त्याच राज्यातल्या सेलाया गावची काहेता, म्हणजे शेळीच्या दुधाचा आटवलेला गोड पाक, घालून केलेलं चोकोफ्लान. पुण्यात बसून यातले निम्मे जिन्नस बदलावे लागतात, आणि त्याचं काही वाटत नाही. जिन्नस बदलला तर चव थोडी सरकते. क्रिया बदलली की पदार्थच दुसरा होतो. म्हणून मी चीजमध्ये तडजोड करते, चुन्यात नाही.

आदल्या संध्याकाळी अर्धा किलो वाळलेला मका निवडायचा. धान्याच्या दुकानातला, खायचा. पॉपकॉर्नचा नको, आणि बियाण्याचा तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं. तिकडे बहुतेक पांढरा मका वापरतात, मला इथे पिवळाच मिळतो. चुना मक्याच्या एक टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ग्रॅम. टपरीवरचा चुना ओला असतो, त्यामुळे तो सपाट चमचाभर घ्यावा लागतो. भांडं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. चुना पाण्यात कालवून, मका घालून मंद आचेवर ठेवला की थोड्याच वेळात दाण्याचा पिवळा रंग हळदीइतका गडद होतो आणि स्वयंपाकघरात नुकताच चुना दिलेल्या भिंतीचा वास सुटतो. अर्ध्या तासाने एक दाणा काढून धुवायचा आणि बोटांत चोळायचा. साल सुटून आली पाहिजे, पण दाणा चावला तर मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका असतानाच गॅस बंद करायचा आणि झाकून रात्रभर सोडून द्यायचं.

सकाळी पाणी पिवळं आणि बुळबुळीत झालेलं असतं. मका तीन-चार पाण्यांतून चोळून धुतला की सालं वर तरंगतात. पण फार सोवळं करू नये. थोडी साल राहिली तर पिठाला चिकटपणा येतो.

चुन्याने होतं काय? दाण्याची साल ज्या चिवट द्रव्यांनी धरून ठेवलेली असते ती अल्कलीत विरघळतात, आतला स्टार्च थोडा फुगतो, आणि एरवी मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येईल असं मोकळं होतं. मध्य अमेरिकेतल्या बायका हे किमान तीन हजार वर्षं करत आल्या आहेत. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, चुना नेला नाही. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांच्या अंगावर चट्टे उठू लागले; आस्तुरियासमधल्या गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये त्या रोगाचं वर्णन केलं. तोच पुढे पेलाग्रा म्हणून ओळखला गेला. आपण याकडे लांबून बघायचं कारण नाही. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतही पेलाग्रा होता, आणि 1960च्या सुमारास हैदराबादेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तिथे कारण थोडं वेगळं निघालं, पण एकाच धान्यावर माणसाला जगवलं की धान्य कसं उलटतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता वाटण. मेक्सिकोत तिरक्या, तीन पायांच्या दगडावर मका वाटत. आता बहुतेक जण गल्लीतल्या गिरणीतून दळून आणतात किंवा सरळ तयार पीठ वापरतात. मिक्सरची अडचण अशी की पातं फिरायला पाणी लागतं आणि पाणी घातलं की पीठ सैल होतं. म्हणून मी मूठ-मूठ दाणे जवळजवळ कोरडेच फिरवते आणि तो रवाळ भुगा पाट्यावर घेते. वरवंट्याखाली तिसऱ्या-चौथ्या फेरीला भुगा अचानक एकजीव होतो. तो क्षण हाताला आधी कळतो, कारण वरवंटा खरखरायचा थांबतो.

या पिठाला मासा म्हणतात, आणि भाकरी करणाऱ्या बाईला ते चकवतं. गिरणीतून आणलेलं मक्याचं पीठ गरम पाण्यात मळलं तरी कडेने फाटतं, ज्वारीसारखंच लगेच थापावं लागतं. मासा मात्र ओल्या फडक्याखाली तासभर निवांत बसतो. लिंबाएवढी गोळी बोटाने दाबून बघायची: कड चिरली तर पाण्याचा हात, बोटाला चिकटली तर थोडा दम. दुधाची पिशवी कापून तिच्या दोन थरांमध्ये गोळी ठेवायची आणि जड, सपाट बुडाच्या भांड्याने दाबायची. मी हा खटाटोप करत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, भांडं कशाला? थाप की." आणि त्यांनी दोन तळव्यांमध्ये फिरवत थापून दाखवली. मेक्सिकोतली जुनी पद्धत हीच. दाबायचं यंत्र पुष्कळ नंतर आलं.

तवा भाकरीचाच, चांगला तापलेला. पहिली बाजू जेमतेम अर्धा मिनिट, कड तव्यापासून सुटेपर्यंत. उलटून दुसरी बाजू मिनिटभर, तपकिरी ठिपके पडेपर्यंत. पुन्हा उलटली आणि बोटांनी हलकेच दाबली की ती फुगते. फुगली म्हणजे पाण्याचं माप जमलं. या बेतासाठी तोर्तिया सकाळीच करून ठेवाव्यात. ताजी तोर्तिया रश्शात गेली की मऊ पडून मोडते.

मिरची ही तर तिकडूनच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आलेली, तेव्हा ती शोधायला लांब जावं लागत नाही. ग्वाहिल्यो ही त्यांची मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला कमी; ब्याडगी तिच्या सगळ्यात जवळची. दहा-बारा ब्याडग्या बिया काढून तव्यावर दाबायच्या, अगदी काही सेकंद. ठसका बसायच्या आत उचलायच्या. काळ्या झाल्या तर रस्सा कडू होतो आणि तो कडूपणा साखरेनेही जात नाही. टोमॅटो आणि सालासकट लसूण मात्र त्याच तव्यावर बेधडक काळे होऊ द्यायचे. मिरच्या गरम पाण्यात भिजवून, सगळं वाटून, गाळून, तापलेल्या तेलात ओतायचं. आपली फोडणी आधी तयार होते आणि जिन्नस तिच्यात पडतात. इथे वाटणच तेलात परततं. केशरी वाटण तेलात पडताच तडतडतं आणि पाहता पाहता विटकरी होतं.

राजमा चित्रा घ्या, तो दिसायला त्यांच्या पिंटोचाच भाऊ. कांदा घालून कुकरमध्ये मऊ करा, मीठ शेवटी. चीजऐवजी मीठ लावून कुस्करलेलं पनीर. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

गोडाकडे वेळ द्यावा. मका, मिरची, टोमॅटो, राजमा हे सगळं मेक्सिकोच्या मातीतलं, पण गोडाच्या ताटात दूध, अंडी, साखर, मैदा स्पॅनिशांचे. घरचे फक्त कोको आणि व्हॅनिला. काहेतासाठी लिटरभर शेळीचं दूध, पाव किलो साखर, दालचिनीचा तुकडा. दालचिनी सिलोनची, कागदासारखी पातळ, हाताने मोडणारी. आपली मसाल्याची जाड साल इथे उग्र लागते. दुधात चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून घालतात. दूध एकदम फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं हवं. सोड्याने दूध फाटत नाही आणि रंग लवकर चढतो. मक्याला जे चुन्याने केलं त्याच जातीचं काम इथे सोडा करतो, ही गोष्ट मला दर वेळी गंमतीची वाटते. तासाभराने ढवळताना पातेल्याचा तळ दिसू लागला की काहेता झाली.

चोकोफ्लानला तिकडे 'अशक्य केक' असंही नाव आहे, आणि ते का ते बघायचं तर भांडं काचेचं घ्यावं. तळाला काहेता, तिच्यावर चॉकलेट केकचं मिश्रण, आणि त्याच्यावर अंडी, कंडेन्स्ड दूध आणि निम्मं आटवलेलं साधं दूध घुसळून केलेलं पातळ फ्लान, पळीच्या पाठीवरून हळूहळू. हे भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून वर फॉइल लावायचं आणि ओव्हन 180 अंशांवर. सुरुवातीला काही घडत नाही. खाली तपकिरी, वर पिवळसर. मग केकमधला सोडा जागा होतो, बुडबुडे धरून मिश्रण हलकं होतं आणि काचेच्या कडेने तपकिरी गोळे एकेक करून वर सरकू लागतात. जड फ्लान त्यांच्या बाजूने खाली उतरतं. थोडा वेळ सगळा गोंधळ दिसतो, आणि मग केक वर, फ्लान खाली असे दोघं आपापल्या नव्या जागी घट्ट होतात. तासाभरात शिजतं. पाण्याच्या ट्रेमुळे अंड्याला शंभर अंशांवर जाता येत नाही, नाहीतर फ्लानला जाळी पडते.

गरम असताना उलटायची घाई करू नये, रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्यावं. म्हणजे हे गोडही आदल्या दिवशीचंच काम. जेवायला बसायच्या वेळी उरतं ते फक्त तोर्तिया रश्शात बुडवून तव्यावर थोड्या तेलात परतणं, पनीर-कांदा भरून दुमडणं आणि वर बटाटा-गाजर घालणं. ते मात्र माणसं ताटावर बसल्यावरच, एकेकाला गरम गरम.

तोर्तिया नेहमी जास्तच कराव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकडे करून तळायच्या, उरलेल्या रश्शात टाकायच्या आणि वर दही-कांदा. तिकडे याला चिलाकिलेस म्हणतात आणि त्याचा मान आपल्या फोडणीच्या पोळीएवढाच आहे. आमच्या घरी काही जण आदल्या रात्री त्यासाठीच हात राखून जेवतात.