बिग फाइव्ह : शिकारीकडून दर्शनाकडे

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या पाच प्राण्यांच्या दर्शनाची आस धरून असंख्य पर्यटक आफ्रिकेत जातात. जिराफ आणि पाणघोडा हे बिबट्यापेक्षा कितीतरी मोठे, तरीही ‘बिग फाइव्ह’मध्ये त्यांना स्थान नाही. कारण हे नाव शिकाऱ्यांनी दिलेले आहे. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत अवघड व धोकादायक ठरत, त्यांची ही यादी होय.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. तथापि चोरटी शिकार थांबली नाही. १९८९ मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यानात सुमारे १२ टन, तर २०१६ मध्ये १०० टनांहून अधिक हस्तिदंत जाहीरपणे जाळण्यात आले. हत्तीच्या प्राणांपुढे त्याच्या दातांचे मोल शून्य आहे, हाच त्यामागील संदेश होता.

गेंड्याची कथा अधिक करुण आहे. शिंगाच्या हव्यासापायी उत्तरी पांढरा गेंडा जवळजवळ नामशेष झाला. ‘सुदान’ हा त्याचा अखेरचा नर २०१८ मध्ये केनियातील ओल पेजेटा येथे मरण पावला. त्यानंतर नाजिन आणि फातू या मायलेकीच उरल्या. त्यांच्याभोवती रात्रंदिवस सशस्त्र पहारा ठेवावा लागतो.

‘सफारी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ प्रवास. मसाई मारामध्ये हे पाचही प्राणी आढळतात. तेथे जाणाऱ्याने वाहन अंतरावर थांबवावे, मौन पाळावे आणि पाहावे. पाहणाऱ्याकडून त्या जीवांना अभय मिळावे, एवढीच या प्रवासाची मर्यादा आणि सार्थकता.