लहान मोटारीतील स्वयंचलित गिअरचे घसरणे : निदान आणि दुरुस्ती

प्रस्तावना :
तासगाव हे सांगली जिल्ह्यातील द्राक्षे व बेदाण्याच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र होय. ऊस हंगामात येथून सांगलीकडे जाताना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे संथ गतीने गाडी चालवावी लागते. अशा रस्त्यावर क्लच दाबण्याच्या श्रमातून सुटका करणारी स्वयंचलित गिअरची लहान मोटार सोयीची ठरते. तथापि ही यंत्रणा घसरू लागली, की 'गिअरबॉक्स गेला' असा निर्णय घाईने दिला जातो आणि मोठ्या खर्चाचा भार मध्यमवर्गीय कुटुंबावर पडतो. वास्तविक दोष पुष्कळदा तेलगळती, सोलेनॉइड किंवा झिजलेली क्लचप्लेट एवढ्यापुरताच असू शकतो. म्हणूनच निदानाचा योग्य क्रम कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक नाव, तीन यंत्रणा :
'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली तीन भिन्न यंत्रणा येतात.

पहिली यंत्रणा टॉर्क कन्व्हर्टरची. ह्युंदाई आय-१० च्या स्वयंचलित गाडीत ती होती. हीत इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते आणि तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लचप्लेटा ग्रहचक्री दंतचक्रांतून हवा तो गिअर निवडतात.

दुसरी सीव्हीटी. होंडा अमेझमध्ये ती आढळते. हीत ठराविक गिअर नसून दोन कप्प्यांमधील पोलादी पट्टा गतीचे प्रमाण सलग बदलत राहतो.

तिसरी एएमटी. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओ गाडीतून ती भारतात आणली. हीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो; मात्र क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने यंत्र करते.

घसरणीचे स्वरूप :
इंजिनाचे फेरे वाढतात, पण त्या प्रमाणात गाडीचा वेग वाढत नाही, या स्थितीस घसरण म्हणतात. समजा, एखाद्या गिअरचे प्रमाण १.५ आहे. गिअरबॉक्समध्ये मिनिटाला ३००० फेरे येत असतील, तर बाहेर २००० फेरे मिळावयास हवेत. प्रत्यक्षात १६०० च मिळाले, तर २० टक्के घसरण झाली. या वाया गेलेल्या शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. उष्णतेने तेल व घर्षणपृष्ठे जळतात आणि घसरण आणखी वाढते. घसरणारी गाडी तशीच चालवत राहिल्यास लहान दुरुस्तीचे मोठ्या दुरुस्तीत रूपांतर होते, त्याचे कारण हेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सीव्हीटीमध्ये इंजिनाचा आवाज आधी वाढून वेग मागाहून वाढणे स्वाभाविक असते. केवळ त्यावरून दोष ठरविता येत नाही.

निदानाचा क्रम :
निदान सोप्या व स्वस्त तपासणीपासून सुरू व्हावे. टॉर्क कन्व्हर्टरच्या यंत्रणेत प्रथम तेलाची पातळी व स्थिती पाहावी. पातळी मोजण्याची रीत गाडीगणिक बदलते. म्हणून गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. हे तेल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. त्यामुळे पातळी उतरली असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. काळपट तेल व करपट वास क्लचप्लेटा जळाल्याचे सुचवितो. दुधाळ रंग रेडिएटरचे पाणी तेलात मिसळल्याचा निदर्शक असतो.

त्यानंतर स्कॅनर लावून संगणकाने नोंदविलेले दोषांक वाचावेत. 'पी ०७३०' हा अंक गिअरचे प्रमाण जुळत नसल्याचे दर्शवितो. मात्र ते का जुळत नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी घसरण कोणत्या गिअरमध्ये होते हे पाहावे लागते. सर्वच गिअर घसरत असतील, तर तेल, फिल्टर, पंप किंवा कन्व्हर्टर यांवर संशय घ्यावा. एकच गिअर घसरत असेल, तर त्या गिअरचा क्लच, त्याचे सील वा सोलेनॉइड तपासावा. तेलाचा दाब मोजल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू नये.

एएमटीत हा क्रम लागू पडत नाही. तेथे घसरतो तो कोरडा क्लच. क्लचप्लेट झिजणे, प्रेशर प्लेट कमकुवत होणे किंवा ऑइल सीलमधून गळालेले तेल प्लेटवर येणे, ही त्याची मुख्य कारणे होत.

दुरुस्ती :
दोष जेथे, दुरुस्तीही तेथेच असावी. गळणारे सील, तुंबलेला फिल्टर किंवा निकामी सोलेनॉइड स्वतंत्रपणे बदलता येतो. क्लचप्लेटा जळाल्या असतील, तर मात्र तेल बदलून भागत नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागतो. सीव्हीटीचा पट्टा व कप्प्या यांवर ओरखडे पडल्यास दुरुस्ती खर्चिक होते. तिच्यात साधे ऑटोमॅटिक तेल ओतणे घातक असते, कारण पट्ट्याची पकड विशिष्ट तेलावर अवलंबून असते.

एएमटीत क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग सहसा एकत्र बदलतात. त्यानंतर नव्या क्लचचा पकडबिंदू स्कॅनरच्या साहाय्याने संगणकास शिकवावा लागतो. ही शेवटची पायरी वगळल्यास नवे भाग बसवूनही गाडी झटके देते.

निष्कर्ष :
स्वयंचलित गाडीत क्लचचे पेडल नसते. क्लच मात्र असतो, याचा विसर पडू नये. कुंभार्ली घाटाच्या चढावर थांबताना एएमटी गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरल्यास क्लच झिजतो. ती ब्रेकवरच थांबवावी. यंत्रणेचा प्रकार ओळखणे, तेल पाहणे, दोषांक वाचणे, दाब मोजणे आणि अखेरीस गिअरबॉक्स उघडणे, हा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो. त्यासाठी तालुक्याच्या गॅरेजमधील कारागिराच्या हाती पान्ह्याबरोबर स्कॅनर आणि तो वाचण्याचे शिक्षण पोहोचणे अगत्याचे आहे.