सून, वहिनी, मेहुणा कायद्याने ‘जवळचे’ नाहीत. किडनी देण्याआधी हे बघा

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीतल्या खान्देशी घरांत कुणाची किडनी निकामी झाली, की आधी रक्तगट जुळतो का ते विचारतात. पण गाडं बऱ्याचदा अडतं ते नात्याच्या कागदावर. (सुरतहून अवयव रवाना झाल्याच्या बातम्या येतात त्या ब्रेनडेड दात्यांच्या. जिवंतपणी किडनी देण्याचा मार्ग वेगळा.)

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात, 2011 च्या दुरुस्तीनंतर, जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. संपली यादी. सून, जावई, वहिनी, मेहुणा, काका, मावशी, चुलतभाऊ त्यात नाहीत.

यादीतल्या दात्याचे कागद सहसा हॉस्पिटलच्या पातळीवरच तपासले जातात. इथे लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि नंतरचं आधारवर, असा घोळ महागात पडतो. सख्ख्या नात्याची खात्री पटली नाही तर डीएनए चाचणी सांगू शकतात. यादीबाहेरच्या दात्याला प्राधिकृत समितीपुढे मुलाखत द्यावी लागते, तिचं चित्रीकरण होतं. असा दाता शहादा-तळोद्याचा आणि ऑपरेशन गुजरातमध्ये असेल, तर रहिवासाबाबत तहसीलदाराचं पडताळणी प्रमाणपत्रही लागतं. म्हणजे गावी चक्कर आलीच. ती आधीच उरकलेली बरी.

रक्तगट जुळत नसेल तर तशाच दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते. मात्र दोन्हीकडचे दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत.

आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. म्हणूनच 2014 च्या नियमांत स्त्री दात्याची वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय : तिची स्वतंत्र संमती रुग्णाऐवजी दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळायची. ‘घरचे म्हणतात म्हणून’ ही संमती नव्हे. ऑपरेशन होईपर्यंत दाता केव्हाही नाही म्हणू शकतो. बाईला हे एकटीला बसवून, तिच्या भाषेत सांगणारं कुणी हवं.

किडनीचे पैसे घेणं-देणं गुन्हा आहे. 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड. पण दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं कायद्याने गुन्हा ठरत नाही. लूमवर किंवा साडीच्या गठ्ठ्यांवर रोजंदारी करणाऱ्याला हे माहीत असायला हवं, कारण ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलता येत नाही. पुढे दरवर्षी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं. दुखलं म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून घ्यायची नाही.