गोल आधी, चित्र मागून

मुळशी तालुक्यात १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज निघाले. तिथली पुष्कळ मुले पुढे अमेरिकेत शिकायला जातात. समजा, तुमची मुलगीही गेली आणि बोस्टनला कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळू लागली. (तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात, त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा!) सामना शुक्रवारी संध्याकाळी सातला. सप्टेंबरात तुम्हाला शनिवारी पहाटे साडेचारला उठायला हवे.

मोबाइलच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यावर असतो, तोच मैदानावरून भाच्याचा फोन येतो, "मामा, ताईनं गोल केला!" चित्रात तो गोल अर्ध्या मिनिटाने होतो. सारी मजा गेली की हो!

म्हणाल, अमेरिका लांब पडली. पण तसे नव्हे. समुद्रतळाच्या काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. एवढ्या अंतराला सेकंदाचा दहावा हिस्सा लागला तरी पुष्कळ. उशीर होतो तो साठवणीमुळे. चित्रणाचे बहुधा सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात आणि असे तीनेक तुकडे पदरी पडल्याशिवाय मोबाइल चित्र दाखवायला लागत नाही. आठवड्याचे दळण आधीच दळून ठेवावे, तसे हे. पावसात डोंगराआड सिग्नल क्षणभर गेला, तरी शिलकीवर खेळ चालू राहतो. आपल्या जुन्या रेडिओला ही शिल्लक नव्हती. खरखरीत बुडालेला शब्द बुडालाच.

तेव्हा भाच्याला आधीच बजावून ठेवा : गोल झाला की साठ अंक मोज, मग फोन कर.